कुंपणाकडची बिजागरी

१

खड्डा खणायच्या आधी मी खड्डा बुजवायला शिकलो.

आजोबा शनिवारी सकाळी मला शेतांवर न्यायचे. मेटल डिटेक्टर त्यांच्या हातात, फावडं माझ्या खांद्यावर. त्यांचे नियम थोडे होते आणि ते कधी बदलले नाहीत. मालकाला विचारल्याशिवाय फाटक उघडायचं नाही, आणि उघडलेलं फाटक मिटल्याशिवाय पुढे जायचं नाही. जे मिळेल त्यातलं अर्धं मालकाचं, आणि ते त्याच दिवशी त्याला दाखवायचं. आणि खड्डा असा बुजवायचा की खुद्द मालकालाही तो सापडू नये.

गवताळ जमिनीत ते फावड्याने तीनच बाजू कापत. चौथी, कुंपणाकडची, तशीच ठेवत. ती बिजागरी. मग गवताचा तो जाड थर पेटीच्या झाकणासारखा मागे उलटायचा, माती फडक्यावर काढायची, बोटांनी चाळायची, शोध संपला की माती परत ओतून झाकण मिटायचं आणि टाचेने दाबायचं. बाकीचे लोक बिजागरी हाताला सोयीची पडेल त्या बाजूला ठेवतात. आम्ही नेहमी कुंपणाकडे. मी एकदा कारण विचारलं होतं.

"दार कुठल्या बाजूला उघडतं ते घरच्या माणसाला अंधारातही कळायला हवं, पोरा," ते म्हणाले होते.

फावड्याचा एक कोपरा माझ्या जन्माआधीच दगडावर आपटून तुटला होता. त्यामुळे आमच्या प्रत्येक झाकणाच्या एका कोपऱ्यात बोटभर पायरी राहायची. आजोबांना तिचा अभिमान होता. ही आपली सही, म्हणायचे.

ते गेले, मी मोठा झालो, पियानो सुरात लावायचा धंदा शिकलो, आणि ते सगळं मागे पडलं. मग गेल्या वर्षी गॅरेज आवरताना बिस्किटांचा एक डबा हाती लागला. आत बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, एका राणीचा झिजलेला चेहरा असलेलं चांदीचं नाणं, घोड्याच्या साजाची पितळी फुलं. मी गॅरेजच्या फरशीवर बसलो तो बसलोच. गोठलेल्या सकाळी यंत्राच्या हेडफोनमध्ये पहिला सूर वाजला की जे वाटायचं, ते इतक्या वर्षांनी जसंच्या तसं वाटलं.

ब्रायोनीने, माझ्या बायकोने, मला तसं बसलेलं पाहिलं असणार. वाढदिवसाला तिने मला नवीन यंत्र आणून दिलं.

"या वयात बाकीचे पुरुष मोटरसायकल घेतात," ती म्हणाली.

"मोटरसायकलवर नाणी सापडत नाहीत."

"बायका सापडतात म्हणे."

त्या संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरात यंत्राची परीक्षा घेतली. काटे, चमचे, तिची अंगठी, मार्मालेडच्या बरणीचं झाकण. प्रत्येकाचा सूर वेगळा. मग तिने स्वतःच कमरेवर हात ठेवून डावा खुबा पुढे केला. लहानपणापासून तो सांधा वाकडा होता, आणि दोन वर्षांपूर्वी नॉरिचला ऑपरेशन करून तिथे धातूचा बसवला होता. मी यंत्राच्या दांड्याची तबकडी जवळ नेली. आधी एक जाडा, खालचा सूर आला आणि त्याला चिकटून, किंचित वर, एक बारीक. कुणीतरी प्रश्न विचारावा आणि दुसऱ्याने लगेच हळूच उत्तर द्यावं तसं.

"काय म्हणतोय माझा खुबा?"

"थोडा बेसूर आहे."

"माझ्याबरोबर चर्चमध्ये क्वायरला गायला चल, मग तुला खरे बेसूर दाखवते," ती म्हणाली, आणि आम्ही खूप हसलो.

माझा कान कामाचा आहे. एकदा ऐकलेली सुरांची जोडी मी विसरत नाही. हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढे मला स्वतःलाच त्याबद्दल शंका घ्यावीशी वाटली.

२

मिस्टर थर्केटल यांचं चर्चमागे एक छोटं कुरण आहे. कुंपणातल्या अशा तुकड्याला आमच्याकडे पाइटल म्हणतात. त्यावर त्यांच्या हयातीत नांगर फिरलेला नाही. मी परवानगी मागायला गेलो तेव्हा ते गोठ्याच्या दारात कालवडींना शिव्या देत उभे होते.

"सोनं निघालं तर अर्धं माझं," ते म्हणाले.

"अर्थात."

"खिळे निघाले तर सगळे तुझे. आणि खड्ड्यात माझ्या एका जरी कालवडीचा पाय मोडला ना रसेल, तर तुझा मोडेन."

"खड्डा तुम्हाला दिसणारच नाही, मिस्टर थर्केटल."

"तुझा आजाही हेच म्हणायचा. आणि खरंच नाही दिसला कधी."

त्यानंतर रविवारची सकाळ ठरून गेली. ब्रायोनी उशिरापर्यंत झोपते. मी चहा करून थर्मासात भरायचा, आजोबांचं फावडं खांद्यावर टाकायचं आणि चर्चच्या भिंतीला वळसा घालून पाइटलमध्ये शिरायचं. सावकाश, गवताला घासत तबकडी फिरवायची. लोखंडाची कुरकुर, डब्याच्या पत्र्याची चिरचिर, मधेच एखादा स्वच्छ सूर. ऑक्टोबरभर मी सुखात होतो. हे लिहिताना मला हा शब्द जपून वापरावासा वाटतो, पण दुसरा नाही.

मग एका रविवारी कुंपणाजवळ एक गोड, गोल सूर आला. मी गुडघ्यावर बसलो, फावडं टेकवलं, आणि थांबलो.

गवत आधीच कापलेलं होतं.

ताजं नव्हे. चिरेतून दोन्हीकडची मुळं एकमेकांत गेली होती, शेवाळ धरलं होतं. इतकी जुनी चीर डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच लागते. मी बोट फिरवलं. तीन बाजू कापलेल्या. चौथी, कुंपणाकडची, सलग. एका कोपऱ्यात बोटभर पायरी.

मला आनंदच झाला. आजोबा इथे येऊन गेले होते. त्यांचं एखादं झाकण मी इतक्या वर्षांनी उघडत होतो. मुळं तटातट तुटली, झाकण उलटलं, आणि वीतभर खाली मातीत एक पितळी बटण होतं. हिरवा थर चढलेलं, मागची कडी झडून गेलेली. थुंकीने पुसलं तेव्हा त्यावर कोल्ह्याचं तोंड उमटलं.

आजोबांनी एकदा उघडलेल्या खड्ड्यात बटण मागे कसं राहिलं, हा विचार मला घरी जाताना आला. ते काही मागे ठेवणारे नव्हते.

३

ब्रायोनीच्या हिरव्या लोकरी कोटाला कोल्ह्याच्या तोंडाची पितळी बटणं आहेत. तिने ती जत्रेतल्या एका टोपलीतून वेचून घेतली होती आणि कोटाची मूळ बटणं काढून स्वतः लावली होती. मी दारामागच्या खुंटीवरचा कोट पाहिला. सगळी बटणं जागच्या जागी.

"जुनीच असणार माझी," ती म्हणाली. सापडलेलं बटण तिने खिडकीशी धरलं होतं. "म्हणजे तशी बटणं पूर्वी शेकड्यांनी निघत असतील. कुण्या शिकाऱ्याचं पडलं असेल. गंमत आहे, नाही? आता एक जादाचं झालं माझ्याकडे."

"त्याची कडी गेलीये. शिवता येणार नाही."

"कसला रे तू, रस. जरा कुठे खूश झाले." ती मला रसेल कधीच म्हणत नाही.

तिचं म्हणणं पटण्यासारखं होतं आणि मला ते पटलं. एका साच्यातून हजार बटणं निघतात. मी ते मिस्टर थर्केटलना नियमाप्रमाणे दाखवलं. "अर्ध्या बटणाचं मी काय करू?" म्हणाले, आणि परत दिलं.

त्याच आठवड्यात बसमधून उतरताना तिच्या कोटाचं एक बटण तुटून पडलं. वरून तिसरं. ती बसथांब्यापाशी वाकून वाकून शोधत राहिली, मिळालं नाही. घरी आल्यावर तिने बटणांच्या डब्यातून जाडं, लालभडक प्लॅस्टिकचं एक बटण काढलं आणि ते त्या जागी शिवून टाकलं.

"विदूषकाचं नाक वाटतंय," मी म्हणालो.

"वाटू दे. लांबून ओळखायला येईन तुला."

मी हसलो. पण खिडकीतलं ते हिरवं बटण मी उचलून आजोबांच्या बिस्किटांच्या डब्यात टाकलं, आणि डबा गॅरेजमध्ये, वरच्या फळीवर ठेवला. का, ते त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

४

बटणाचं समजू शकतो. कानातल्याचं नाही.

ब्रायोनीची बहीण चांदीकाम शिकत होती. तिने आयुष्यात एकच कानातल्यांचा जोड पूर्ण केला, तो ब्रायोनीसाठी. शेपटी वर उचललेले दोन चिमुकले पक्षी. एकाची चोच घासताना जरा जास्तच आखूड झाली होती. बहीण त्याच वर्षी वारली. ब्रायोनी ते झोपतानाही काढत नाही.

नोव्हेंबरात, पहिलं दव गोठलं त्या सकाळी, पाइटलमध्ये कुंपणाजवळच मला दुसरं झाकण लागलं. तीन बाजू, बिजागरी, पायरी. मी उघडलं. मातीत काळा पडलेला, चपटा झालेला एक पक्षी होता. आखूड चोचीचा.

मी तो मुठीत धरून घरी आलो. ब्रायोनी स्वयंपाकघरात टोस्टला लोणी लावत होती. मी तिच्या मागून जाऊन तिचे केस कानामागे सारले.

"हात बर्फ झालेत तुझे," ती म्हणाली. "काय पाहतोस?"

दोन्ही कानांत दोन्ही पक्षी होते. आखूड चोचीचा डाव्या कानात.

"काही नाही," मी म्हणालो.

तो काळा पक्षी मी मिस्टर थर्केटलना दाखवला नाही, त्याच डब्यात टाकला. चांदी सापडून मालकाला न दाखवणं, हे माझ्याकडून पहिल्यांदाच घडलं. त्या दिवशी रोजनिशीत मी फक्त हवामान लिहिलं.

पुढचे काही दिवस मी तिच्या कानांकडे पाहत राहिलो. ती म्हणाली, माझ्या प्रेमात नव्याने पडलायस की काय. आणि मग एका सकाळी न्हाणीघरातून तिची हाक आली. ती जमिनीवर गुडघे टेकून, दुखरा पाय लांब पसरून, नळाच्या मोरीत बोट घालत होती. रडत होती. डाव्या कानात काही नव्हतं.

आम्ही पाइप उघडला, अंथरूण झटकलं, गाडीच्या बैठका काढल्या. पक्षी नव्हता. तिने त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही. बहीण दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटतंय, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी गॅरेजमधला डबा काढला. वाटीत ॲल्युमिनियमचा कागद, खाण्याचा सोडा, उकळतं पाणी. काळेपणा सुटून पाण्यावर तरंगला. मी पक्षी अंगठ्याने दाबून सरळ केला, मऊ कापडाने घासला, आणि बेसिनमागच्या फटीत, जिथे आम्ही शोधलं नव्हतं असं तिला वाटावं, तिथे ठेवला.

तिला तो मिळाला तेव्हा ती इतकी हसली की मलाही वाटलं, बरंच केलं. तिने तो घातला. मग आरशात बघत कानाच्या पाळीला हात लावला.

"गार लागतोय," ती म्हणाली. "गरमच होत नाहीये."

५

त्यानंतर मी पाइटलमध्ये जाणं बंद केलं. ब्रायोनीला सांगितलं, जमीन फार गोठलीये. यंत्र जिन्याखाली ठेवलं. फावडं गॅरेजमध्ये खिळ्याला अडकवलं.

एका शुक्रवारी मिस्टर थर्केटल पोस्टापाशी भेटले.

"काल ओळख दाखवली नाहीस ती?"

"काल?"

"पाइटलात. दिवेलागणीला. मी ट्रॅक्टरवरून हात केला. तू आपला फावडं घेऊन कुंपणाशी उभा. ढिम्म."

"मी काल घरी होतो, मिस्टर थर्केटल."

"असशील," ते म्हणाले. "मग तुझा आजा असेल." आणि हसले. पण लगेच थांबून माझ्याकडे नीट पाहिलं. "चाल तुझी होती, पोरा. मी लोकांना चालीवरूनच ओळखतो. चष्म्याचं काही खरं नाही."

गुरुवारी संध्याकाळी ब्रायोनी क्वायरला जाते. मी घरी एकटा असतो. त्या गुरुवारी मी शेगडीसमोर खुर्चीत बसून एक जुनं पियानोचं हातोडीयंत्र दुरुस्त करत होतो, हे मला पक्कं आठवत होतं. मग ते काम मी कुठवर आणलं, हे आठवायचा प्रयत्न केला. एका हातोडीला लोकरीचा नमदा चिकटवला. मग ब्रायोनीने दार उघडलं. मधलं काही आठवेना. माणूस काम करताना मधलं आठवत नाहीच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

घरी येऊन फावडं पाहिलं. कोरडं होतं, पातं स्वच्छ होतं. मला बरं वाटलं. पण ते फार वेळ टिकलं नाही, कारण मी फावडं नेहमीच पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवतो. आजोबांनी लावलेली सवय. मी खणलं असतं तरी ते असंच दिसलं असतं.

६

मला खात्री करून घ्यायची होती की तिथे आणखी काही नाही. म्हणून रविवारी सकाळी यंत्र बाहेर काढलं.

धुकं होतं, पण पांढरं, उजेड असलेलं. चर्चची भिंत दिसत होती, कुंपणाची झाडी दिसत होती. कालवडी पलीकडे एकमेकींना टेकून उभ्या होत्या. मी कुंपणाच्या कडेने निघालो. खिळा. पत्रा. खिळा. मग बराच वेळ काहीच नाही, हेडफोनमध्ये नुसता स्वतःच्या श्वासाचा आवाज.

आणि मग तो सूर आला. आधी जाडा, खालचा. त्याला चिकटून, किंचित वर, बारीक.

मी तबकडी हलवायची थांबलो. सूर थांबला. पुन्हा हलवली. प्रश्न, उत्तर.

खांद्यावर हात पडला तेव्हा मी ओरडलोच असेन. मागे ब्रायोनी उभी होती, हिरव्या कोटात, थर्मास घेऊन.

"चहा विसरून आलास. केवढा दचकतोस रे."

मी हेडफोन काढले आणि हसत सुटलो. थांबवेना. तिचा खुबा. ती मागून जवळ आली होती, तबकडीच्या टप्प्यात. एवढंच होतं ते. मी तिला मिठी मारली. लाल बटण माझ्या छातीत रुतलं.

"अरे, झालं काय तुला?"

"काही नाही. तुझाच खुबा गात होता. जरा फाटकापाशी जाऊन उभी राहतेस? तू जवळ असलीस की दुसरं काही ऐकू येत नाही."

"तीस वर्षांत असं गोड कधी बोलला नव्हतास," ती म्हणाली, आणि थर्मास गवतात ठेवून, ओल्या, उंचसखल गवतावरून जरा लंगडत, फाटकाकडे गेली. मी ती पोचेपर्यंत वाट पाहिली. तिने फाटकावर हात टेकले. धुक्यात तिचा कोट करडा दिसत होता, लाल बटण मात्र लांबूनही दिसत होतं.

मी हेडफोन चढवले आणि तबकडी फिरवली.

जाडा. मग बारीक.

मी यंत्र बाजूला ठेवलं आणि गुडघ्यावर बसलो. गवतात बोटं घातली. चीर लागली. मी तिच्यामागून सरकत गेलो. ती संपेना. दोन वीत, चार, मी गुडघ्यांवर चालतच राहिलो, आणि माणूसभर लांबीनंतर ती वळली. कोपऱ्यात बोटभर पायरी होती. कुंपणाकडची बाजू सलग होती. मुळं दोन्हीकडून एकमेकांत पार विणली गेलेली. हे झाकण माझ्या जन्माआधीचं म्हटलं असतं तरी पटलं असतं.

इथून उठून जायला हवं होतं. पण कुणी कसा जाईल? सूर ऐकून न उघडता गेलेला माणूस त्याच्याकडे पुन्हा पुन्हा परत येत राहतो, हे यंत्र हातात धरलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. मी दोन्ही हातांची बोटं चिरेत घातली आणि मधल्या भागात झाकण वीतभर वर उचललं.

आतून गार हवा आली. उजेड तिरका आत गेला. काळी माती, मातीच्याच रंगाचा काही धागा उरलेला, आणि त्यावर एका ओळीत बटणं. हिरवं. हिरवं. मग एक लाल. मग परत हिरवं.

यंत्र मला लाल बटणाबद्दल कधीच सांगू शकलं नसतं. प्लॅस्टिकचा सूर नसतो. आणि ते कुजतही नाही. काल लावल्यासारखं लालभडक होतं ते.

"रस!" फाटकावरून तिने हाक मारली. "मिळालं काही?"

मी झाकण मिटलं. काय करतोय याचा विचार न करता उभा राहिलो आणि टाचेने कोपरा दाबला. गवतात तिथे आधीच एक खळगा होता. माझी टाच त्यात बरोबर बसली.

"लोखंड," मी ओरडून सांगितलं.

७

फावडं मी क्रोमरच्या धक्क्यावरून समुद्रात टाकलं. यंत्र विकून टाकलं. ब्रायोनीला वाईट वाटलं हे मला दिसलं.

मग कोट. ती बहिणीच्या मुलाकडे गेली होती तेव्हा मी तो घडी करून शहरातल्या, दान आलेले जुने कपडे विकणाऱ्या धर्मादाय दुकानात देऊन आलो. तिने खुंटी पाहिली, कपाटं पाहिली, क्वायरमध्ये विचारलं, आणि शोधायचं सोडलं. मी तिला नवीन निळा कोट घेऊन दिला. थोड्या दिवसांनी ती हिरवा कोट घालूनच घरात आली.

"कुठे मिळाला असेल सांग. धर्मादाय दुकानाच्या काचेत, बाहुलीच्या अंगावर! लाल बटणावरून ओळखला. माझाच कोट मी पैसे देऊन आणला." मग तिने माझा चेहरा पाहिला. "रस, तू दिला होतास?"

"मला तो आवडत नाही."

"मग तसं सांगायचं. चोरून काय न्यायचा?" ती चिडली नव्हती. त्याहून वाईट म्हणजे काळजीत होती. तिने माझा हात हातात घेतला. "काय होतंय तुला या हिवाळ्यात?"

काय सांगणार होतो? की कुरणात तू आहेस, आणि तुला तिथे ठेवणाऱ्याची खणायची पद्धत माझी आहे? मी तिला एवढंच म्हणालो की मला गुरुवारी एकट्याला घरी बसवत नाही.

"मग चल की क्वायरला," ती म्हणाली.

म्हणून मी जायला लागलो. शेवटच्या रांगेत उभा राहतो, खालच्या सुरांत गातो. भोवती माणसं असतात, आणि ती सगळी सांगू शकतील की मी तिथे होतो. घरी मी बाहेरच्या दाराची किल्ली ब्रायोनीच्या उशीखाली ठेवायला लावली आहे. ती म्हणते, तुझं वय झालं. बर्फ वितळलं, दिवस मोठे झाले, आणि काही घडलं नाही. एखाद्या सकाळी तिच्या कानाकडे पाहायचंही राहून जायला लागलं.

काल गुरुवार होता. सराव लवकर संपला. बाहेर अजून उजेड होता. पोर्चमधल्या खुंट्यांवरून आम्ही आपापले कोट घेतले. मी तिला कोट धरून दिला, तिने हात घातले, आणि माझ्या दंडात हात अडकवून ती पायऱ्या उतरली.

चर्चच्या भिंतीपलीकडे, पाइटलच्या बाजूला, मिस्टर थर्केटल कुत्र्याला घेऊन उभे होते. आम्हाला पाहून त्यांनी टोपी मागे सारली.

"तुम्ही इथे कसे?"

"सराव होता, ऑब्री," ब्रायोनी मिस्टर थर्केटलना म्हणाली. "तुम्हीही या की. आम्हाला बेसूर माणसं कमी पडतायत."

"नाही, मघाशी..." ते कुरणाकडे बघत म्हणाले. "मघाशी तुम्ही दोघं इथून गेलात ना? कुंपणाच्या कडेने. हा फावडं घेऊन पुढे, तू मागून. कोट ओळखला मी, ते लाल बटण. म्हटलं, आज बायकोलाही जुंपलं वाटतं कामाला."

"चष्मा बदला हो आता," ती हसून म्हणाली.

"असेल बुवा," ते म्हणाले. "पण बरं झालं तू इथे दिसलीस. परत येताना हा एकटाच होता. मला वाटलं, भांडलात की काय."

ब्रायोनी पुन्हा हसली. कुत्रा माझ्याकडे बघत भिंतीला चिकटून बसला होता. सूर्य खाली गेला होता आणि पाइटलचं गवत सगळीकडे सारखं दिसत होतं.

"रस," ती म्हणाली. "हात सोड. दुखतंय."